जागा सोडलेली केंद्रकं

आयसोपेंटेन गोठायला आलं की स्टीलच्या पेल्याच्या तळाशी पांढरी साय धरते. स्नायूचा तुकडा नेमका त्याच वेळी आत जायला हवा. आधी टाकला तर गारवा कमी पडतो, उशीर केला तर पेल्यात द्रवच उरत नाही. हैदराबादच्या एका मोठ्या रुग्णालयात स्नायूंच्या बायोप्सीचं काम करणारी ही टेक्निशियन मूळची अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरची. गेली चौदा वर्षं ती त्या सायीवर नजर ठेवून उभी राहते. हातात लांब चिमटा आणि चिमट्याच्या टोकाला कॉर्कच्या चकतीवर बसवलेला, हरभऱ्याएवढा तुकडा. काम दहा-पंधरा सेकंदांचं.

पेल्याच्या बाहेरून उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन उकळत असतो. मग तुकडा थेट त्यातच का टाकायचा नाही, असं तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तापल्या तव्यावर पाणी शिंपडलं की थेंब वाफेच्या गादीवर नाचतात, लगेच आटत नाहीत. नायट्रोजनमध्ये पडलेल्या तुकड्याभोवतीही वायूची तशीच गादी तयार होते आणि आतला भाग सावकाश गोठतो. सावकाश गोठला की पेशीतल्या पाण्याचे स्फटिक मोठे होतात आणि मायक्रोस्कोपखाली स्नायूची चाळणी दिसते.

अशी चाळणी तिनं स्वतः एकदा केली आहे. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. सहा वर्षांच्या मुलाच्या मांडीचा तुकडा होता आणि साय धरायच्या आधीच तिचा हात पेल्यात गेला. दुसऱ्या दिवशी काचेवर भोकंच भोकं. निम्म्या तंतूंमध्ये नेमकं मधोमध भोक, त्यामुळे तिथे केंद्रक होतं की नव्हतं हेच कळेना. त्या मुलाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, पुन्हा भूल, पुन्हा टाके. मुलाला तिनं पाहिलेलंही नव्हतं. पण त्यानंतर पेल्यापाशी उभं असताना तिनं कुणाशी बोलणं कायमचं बंद केलं.

घाटनांदूरच्या माणसाला हैदराबाद तसं परकं नाही. परळी-विकाराबाद मार्गावरचं हे स्टेशन. लातूर रोड, उदगीर, भालकी, बीदर करत गाडी तिकडेच जाते, आणि १९४८ पर्यंत अख्खा मराठवाडा निजामाच्या राज्यातच होता. गावाकडच्या कितीतरी घरांत आजही मोठं दुखणं म्हटलं की मुंबईच्या आधी हैदराबादचं नाव निघतं. तिचे वडील याच मार्गावर कीमन होते. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज ठरलेला पट्टा पायी चालायचा, सैल झालेली चावी ठोकून बसवायची, स्लीपरकडे बघत पुढे जायचं. लहानपणी ती कधी कधी त्यांच्या मागे थोडं अंतर चालत जाई. एखादा स्लीपर जागेवरून सरकलेला असला की वडील थांबत. तो का सरकला, हे कळल्याशिवाय पुढे जात नसत. खडी धुपली, पाणी मुरलं, की नट सैल झाला? सरकलेला स्लीपर एकसारखाच दिसतो, कारणं मात्र वेगळी.

स्नायूचा छेद पहिल्यांदा उभा कापून पाहिला तेव्हा तिला तो रूळच आठवला.

शरीरातल्या बहुतेक प्रकारच्या पेशींना एकच केंद्रक असतं आणि ते साधारण मध्ये कुठेतरी असतं. स्नायूची पेशी म्हणजे तंतू. तो कित्येक सेंटिमीटर लांब असू शकतो, आणि असंख्य लहान पेशी एकमेकींत मिसळून तयार झालेला असल्यामुळे त्यात शेकडो, कधी हजारो केंद्रकं असतात. ती सगळी कडेला, पेशीच्या आवरणाला चिकटून, एकमेकांपासून जवळपास सारखं अंतर राखून बसलेली. या अंतराला अर्थ आहे. प्रत्येक केंद्रक आपल्या भोवतालच्या तेवढ्या टापूला प्रथिनांचा पुरवठा करतं. इतक्या लांब पेशीत एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकाला वेळेत पोहोचणार नाही, म्हणून ठिकठिकाणी ठाणी. जिथे मज्जातंतू येऊन स्नायूला भिडतो तिथे मात्र तीन-चार किंवा थोडी अधिक केंद्रकं मुद्दाम जवळजवळ असतात, कारण तिथला खर्च मोठा.

आडवा छेद आठ ते दहा मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा. उणे वीस-पंचवीस अंशांच्या क्रायोस्टॅटमध्ये पात्याखालून तो कागदासारखा वळत बाहेर येतो आणि काच जवळ नेली की आपणहून तिला चिकटतो. मग रंग. हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून काढलेला रंग, त्यानं केंद्रकं निळी-जांभळी होतात. इओसिननं बाकीचा तंतू गुलाबी. निरोगी स्नायू म्हणजे गुलाबी बहुकोनी फरशा आणि निळे ठिपके फक्त सांध्यांवर. शंभरात तीनपेक्षा जास्त फरशांवर ठिपका आतल्या बाजूला दिसला, की रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसतात.

कडेची ही जागा केंद्रकांना जन्मतः मिळालेली नसते. गर्भात स्नायू घडत असताना ती आधी मध्यभागी जमतात, मग नळीत रांगेनं पसरतात आणि शेवटी कडेला जातात. पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून चालणारी डायनीन आणि कायनेसिन ही प्रथिनं त्यांना ओढून नेतात. कायनेसिनला नलिकेशी जोडून देणारा दुवा बिघडवला तर केंद्रकं नीट पसरत नाहीत आणि स्नायूची ताकदही घटते, हे माशी आणि उंदरावरच्या प्रयोगांतून २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. शेवटच्या टप्प्याची रीत तिला सगळ्यात आवडते. आकुंचन पावणारे दोरे एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि मधल्या केंद्रकाला दाबून बाहेर लोटतात. ओला चिंचोका चिमटीत दाबला की जसा सटकतो, तसं केंद्रक कडेला जाऊन बसतं. एडगर गोम्स यांच्या गटानं हे २०१७ मध्ये दाखवलं. याच गटाच्या २०२१ मधल्या कामातून आणखी एक गोष्ट कळली. व्यायामानं तंतूला बारीक इजा झाली की जवळची केंद्रकं काही तासांतच त्या जखमेकडे सरकतात आणि तिथेच दुरुस्तीचा माल तयार करू लागतात. बसल्या जागी आयुष्य काढणारी वाटणारी ही केंद्रकं वेळ आली की चालून जातात.

म्हणजे मधोमध आलेला ठिपका काही एकच गोष्ट सांगत नाही.

१९६६ मध्ये स्पिरो, शाय आणि गोनाटास या तिघा अमेरिकी डॉक्टरांनी बारा वर्षांच्या एका मुलाच्या स्नायूचं वर्णन केलं. तंतू-तंतूत केंद्रक ऐन मध्यावर, जणू गर्भातल्या नळ्या तशाच राहून गेल्यात. त्यांनी त्याला ‘मायोट्युब्युलर मायोपॅथी’ म्हटलं. वाढ मध्येच थांबली, असं त्यांना वाटलं होतं. पुढे चित्र गुंतागुंतीचं झालं. एक्स गुणसूत्रावरचं एमटीएम१ हे जनुक १९९६ मध्ये सापडलं, प्रौढांतल्या सौम्य प्रकारामागचं डीएनएम२ २००५ मध्ये आणि बीआयएन१ २००७ मध्ये. ही तिन्ही पेशीतल्या पडद्यांची ने-आण आणि घडण सांभाळणारी. आकुंचनाचा निरोप तंतूच्या आत नेणाऱ्या नलिका त्यांच्यामुळेच नीट राहतात. ठिपका दिसतो केंद्रकाचा, बिघाड असतो पडद्यांत. डीएनएम२च्या रुग्णाच्या छेदाला एनएडीएचचा निळा रंग दिला तर मधल्या केंद्रकापासून कडेकडे रेघा निघालेल्या दिसतात, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. ती काच तिनं चौदा वर्षांत मोजक्या वेळाच पाहिली आहे.

एमटीएम१चा आजार साधारण पन्नास हजार मुलग्यांत एकाला होतो. जन्मतःच अंग लुळं, श्वासही स्वतःचा नाही. त्यावर निरोगी जनुक शरीरात सोडायची चाचणी परदेशात झाली. काही मुलं व्हेंटिलेटरवाचून श्वास घेऊ लागली, काही बसू-चालू लागली. पण चार मुलं यकृताच्या त्रासात दगावली आणि २०२१ मध्ये नवीन डोस देणं थांबवावं लागलं. प्रयोगशाळेतल्या दुपारच्या चहाच्या वेळी ही बातमी कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा तिनं कप तसाच ठेवला होता. जी मुलं बसायला लागली त्यांच्या आईबापांचा आनंद आणि त्या चौघांच्या घरचा आकांत या दोन्ही एकाच औषधाच्या गोष्टी आहेत. त्यातली एकच सांगणं तिला खोटेपणा वाटतो.

मध्यावरच्या केंद्रकाचं सर्वांत नेहमीचं कारण मात्र हे दुर्मीळ आजार नाहीतच. तंतू मोडला की त्याच्या कडेला झोपून राहिलेल्या राखीव पेशी जाग्या होतात. ॲलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये त्या पहिल्यांदा ओळखल्या. त्या मिसळून नवा तंतू घडवतात आणि नव्या तंतूत केंद्रक काही काळ मध्येच असतं. ड्युशेन हा स्नायूंचा आजार असलेल्या मुलांच्या काचेवर हे हमखास दिसतं: मोडलेले तंतू, नुकतेच जोडले गेलेले तंतू आणि मध्ये भरत गेलेली चरबी. तिथे मधला ठिपका म्हणजे सांधणी चालू असल्याची खूण. आणखी काही आजारांत दोष केंद्रकाच्याच अस्तरात असतो. ते अस्तर लॅमिन नावाच्या प्रथिनांचं. त्याचं जनुक बिघडलं की एमरी-ड्रायफस नावाचा आजार होतो, कोपर आखडतं आणि हृदयाचे ठोके चुकतात. या लॅमिनवर हैदराबादच्याच सीसीएमबी या संशोधन संस्थेत वीणा परनाईक यांनी अनेक वर्षं काम केलं. स्नायुपेशी घडताना हे अस्तर आपली मांडणी कशी बदलतं, हे त्यांच्या गटानं दाखवलं. मुंबई विद्यापीठातून शिकून गेलेली ही शास्त्रज्ञ आपल्याच शहरात आहे, हे कळल्यावर तिनं त्यांचा एक शोधनिबंध छापून घेतला होता. सगळा समजला नाही. चित्रं समजली, आणि तिच्या कामात चित्रंच आधी येतात.

अशातच एका नोव्हेंबरात एक तुकडा आला. पस्तिशीचा पुरुष, बीड जिल्हा, दंडाचा स्नायू. केस-पेपरवर लिहिलं होतं: हातापायांत अशक्तपणा, हाताची पकड कमी, थकवा. तिनं गोठवला, कापला, रंगवला. आडव्या छेदात तंतूमागून तंतूत आतले ठिपके, काहींत तीन-तीन, चार-चार. उभ्या छेदात तर एकामागून एक केंद्रकांची माळ, तंतूच्या पोटातून गेलेली. मोडतोड फारशी नाही, म्हणजे ही सांधणी नव्हे. नेहमीची मधली जागाही नाही, आत कुठेही. डॉक्टरांनी दोन-तीन शक्यता लिहिल्या आणि रुग्णाला पुन्हा बोलावलं.

तो आला तेव्हा खालून फोन आला. मराठी येणारं कुणी आहे का वर? टेक्निशियनवर रुग्णासमोर जायची वेळ सहसा येत नाही. माणसं तिच्यापर्यंत काचेवरून येतात. ती हातमोजे काढून खाली गेली. बाकावर लांबट चेहऱ्याचा, कानशिलं बसलेला माणूस, कपाळावरचे केस मागे हटलेले. शेजारी बायको. दोघं अंबाजोगाई तालुक्यातलीच. ‘कुठल्या तुम्ही?’ असं बायकोनं विचारलं. ‘घाटनांदूर’ म्हटल्यावर तिचे डोळेच भरून आले.

‘पकड कमी झाली आहे का?’ तिनं डॉक्टरांचा प्रश्न मराठीत विचारला.

‘कमी कशाची ओ ताई,’ बायको म्हणाली. ‘मूठ सुटतच नाही ह्यांची. पहाटं फडात कोयता धरला की हाताला चिकटल्यावानी होतो. मी एकेक बोट सोडवते.’

‘थंडीत लई होतंय,’ तो खाली बघत म्हणाला. ‘दोन-चार मोळ्या तोडल्या की मग हात मोकळा होतोय.’

आधीच्या वेळी सोबत आलेल्या कुणा नातेवाइकानं मोडक्या हिंदीत सांगितलं होतं, आणि ‘पकड सुटत नाही’चं ‘पकड राहत नाही’ झालं होतं. नेमकं उलट. पकड अशक्तही होती, त्यामुळे तपासताना कुणाला शंका आली नाही. तिनं वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं, थंडी आणि मोळ्यांसकट. डॉक्टर उठले, त्याचा तळहात उताणा धरला आणि अंगठ्याखालच्या गादीवर रबरी हातोडीनं टकटक केलं. अंगठा आत वळला आणि तसाच राहिला. परत यायला त्याला कितीतरी सेकंद लागले. ती त्या हातोडीकडे बघत राहिली. मग सुई घालून स्नायूची विद्युत-तपासणी झाली तेव्हा यंत्रातून मोटरसायकलची रेस चढवून सोडावी तसा आवाज येत-विरत होता.

मायोटॉनिक डिस्ट्रॉफी. एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीटीजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ती निरोगी माणसात सदतीसपर्यंत, या आजारात पन्नासच्या वर आणि कधी हजारांत जातात. १९९२ मध्ये हे कळलं. रक्ताच्या तपासणीनं त्याच्यावर शिक्का बसला. आता ज्या तपासण्या कुणी करवल्याच नसत्या त्या करायच्या होत्या. या आजारात हृदयातली विजेची वाट अडते, म्हणून दरवर्षी ईसीजी. भूल देताना धोका असतो, म्हणून ‘ऑपरेशनच्या आधी हे दाखवा’ असा कागद. मोतीबिंदू लवकर येतो, म्हणून डोळे. दिवसा अनावर झोप येणं हाही आजाराचाच भाग.

झोपेचं ऐकून बायको एकदम बोलायला लागली. ऊसतोडीत जोडप्याला मिळून एक कोयता धरतात, उचल त्या हिशोबानं मिळते. गेल्या हंगामात मुकादमानं दोघांचा मिळून अर्धाच कोयता ठरवला होता. झोपाळू म्हणाला, नशा करतो म्हणाला. आजारानं पडलेले खाडे अंगावर फिरले. घरच्यांनीही त्यालाच बोल लावला. ‘म्हणजे हे खरंच दुखणं आहे?’ तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा टेक्निशियननं ‘हो’ म्हटलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मस्क्युलर डिस्ट्रॉफी नाव घेऊन आहे, प्रमाणपत्र मिळू शकतं, हेही तिनं एका चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलं. या आजाराला मुळावर उतारा नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं आणि ते मराठीत सांगायचं काम तिच्याकडे आलं. ‘उतारा नाही’ हे शब्द आपल्या गावाकडच्या माणसाला सांगणं आणि रिपोर्टवर टंकलेले वाचणं यांत किती अंतर आहे, ते तिला त्या दुपारी कळलं.

त्यानंतर ती मराठवाड्यातल्या रुग्णांसाठी खाली जायला लागली, कुणी न सांगता. त्यातही ड्युशेनच्या आयांसाठी. जनुक आईकडून येतं हे एकदा घरात कळलं की त्या बाईला पुढचं सगळं आयुष्य ऐकून घ्यावं लागतं. म्हणून ती पहिल्यांदा हे सांगते की सुमारे एक तृतीयांश मुलांत दोष नव्यानंच घडलेला असतो, आईत नसतोच. आणि असला तरी तिनं तो निवडलेला नसतो. मामाच्या मुलीशी लग्नं होणाऱ्या आपल्या भागात काही आजार दोन्ही घरांच्या एकत्र येण्यानं दिसतात. तिथे तर दोष एका बाजूच्या माथी मारायला जागाच नाही. हे बोलणं तिच्या कामाच्या यादीत कुठेही लिहिलेलं नाही. प्रयोगशाळेतल्या वरिष्ठांनी ते चालू दिलं, याबद्दल ती मनापासून कृतज्ञ आहे.

दरम्यान पेल्यापाशी उभं राहण्याचे दिवस कमी होत चाललेत. ड्युशेनच्या बहुतेक मुलांचं निदान आता रक्तावरूनच होतं, मांडीला चिरा द्यावा लागत नाही. १८६० च्या दशकात, ज्यांचं नाव या आजाराला आहे त्या ड्युशेन यांनी जिवंत रुग्णाच्या स्नायूचा कण काढायला खास सुई बनवली, तिथून सुरू झालेला हा उद्योग हळूहळू आटोपता होतोय. तिला याचं वाईट वाटत नाही. त्या सहा वर्षांच्या मुलाला दोनदा टेबलावर घ्यावं लागलं होतं, ते तिला रोज आठवतं. जे तुकडे येतात ते अवघड असतात, जिथे जनुक सापडूनही त्याचा अर्थ लागत नाही. तिथे पुन्हा काच लागते, पुन्हा ठिपके मोजावे लागतात.

गेल्या डिसेंबरात त्या ऊसतोड करणाऱ्या बाईचा फोन आला. टोळी कारखान्यावर पोहोचली होती. नवरा आता गाडी भरण्याच्या हिशोबाला बसतो, कोयता तिच्याकडे. ईसीजी झाला, सध्या ठीक आहे. मग जरा थांबून तिनं खरं कारण सांगितलं. मुलगा आठवीत आहे. वडिलांचा आजार प्रत्येक लेकराकडे जायची शक्यता निम्मी, आणि पुढच्या पिढीत तो लवकर आणि जास्त जोरात येऊ शकतो, हे तिला डॉक्टरांनी सांगितलेलं. दर थंडीत ती पहाटे मुलाला उठवते, मूठ आवळायला सांगते, मनात पाचापर्यंत मोजते आणि सोड म्हणते.

‘आज सोडली, ताई. लगेच सोडली,’ ती म्हणाली. मागे उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज होता. ‘दुसऱ्या हाताची बघायची राहिली. ती उद्या बघते.’